रंगीत किड्यांचे फोटो काढायचेत? आधी झाडं ओळखा (सातारा-सांगलीकरांसाठी सविस्तर)

मॅक्रो फोटोग्राफी, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो, सुरू करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'लेन्स कुठली घेऊ?' माझ्या मते लेन्सचा नंबर तिसरा. पहिला नंबर झाडाचा, कारण रंगीत किडे वाट्टेल तिथं बसत नाहीत, बहुतेकांचं झाड ठरलेलं असतं. दुसरा नंबर उजेडाचा, कारण किड्याच्या अंगावरचा रंग कॅमेऱ्यात येतो की नुसती चमक येते ते उजेड ठरवतो. या दोन गोष्टी जमल्या की साध्या मोबाईलवरसुद्धा छान काम होतं, आणि या दोन नसतील तर कितीही महागडी लेन्स लावा, फोटोत पांढरे डाग आणि हललेले पंख एवढंच येणार.

आपण राहतो तो भाग या कामासाठी फार भाग्याचा आहे. पश्चिमेला कास, कोयना, चांदोली, जे २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेले, आणि पूर्वेला माण, खटाव, जत, आटपाडीचा कोरडा माळ. दोन्हीकडचे किडे वेगळे, हंगाम वेगळा, त्यामुळं वर्षभर कुठं ना कुठं काहीतरी असतंच.

सुरुवात रुईपासून करा

रुई आपल्याकडं कुठं नाही? रस्त्याकडेला, पडीक रानात, रेल्वे लायनीच्या कडेनं, मारुतीच्या देवळामागं. शनिवारी पानं तोडून नेतो आपण, पण त्या झाडावर कोण राहतं ते फारसं कुणी बघत नाही. एका रुईसमोर अर्धा तास नुसतं उभं राहायचं, कॅमेरा बॅगेतच ठेवायचा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर रुईवर रंगीत नाकतोडा दिसतो. बोटाएवढा लांब, अंगावर पिवळे आणि निळे पट्टे, हिरवट पंखांवर पिवळे ठिपके. इतका भडक की पहिल्यांदा बघणाऱ्याला खेळण्यातला वाटावा. याची पिल्लं वेगळीच दिसतात, फिकट पिवळी-हिरवट, त्यावर काळी बारीक नक्षी आणि लाल ठिपके. रुईचं विष हा नाकतोडा पचवतो आणि अंगात साठवून ठेवतो, त्यामुळं पक्षी त्याच्या वाटेला जायचं टाळतात. पिल्लाला दाबलं किंवा त्रास दिला तर पाठीवरून द्रवाची पिचकारी मारतं, म्हणून चेहरा फार जवळ नेऊ नका आणि बोटानं हलवू तर मुळीच नका.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या, नवीन माणसाला तिचा फार उपयोग होतो. ज्या किड्याचा रंग 'मला खाऊ नको' असं सांगणारा असतो तो सहसा पळायची घाई करत नाही. लाल-काळा, पिवळा-काळा, केशरी असे भडक रंगवाले किडे निवांत बसतात, संथ चालतात, तुम्हाला फोकस करायला वेळ देतात. पानासारखे किंवा सालीसारखे दिसणारे मात्र सावली पडली की गायब. म्हणून पहिले काही महिने भडक रंगाच्या मागंच लागा, हात बसेल.

रुईवरच साधा वाघ म्हणजे प्लेन टायगर फुलपाखराची अळी मिळते, पांढरे-काळे-पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. पिवळा मावा असतो, तो खायला येणाऱ्या लाल-केशरी ढालकिड्या (लेडीबर्ड) असतात, फुलांवर मोठा काळा भुंगा येतो ज्याच्या पंखांवर ऊन पडलं की जांभळी-निळी झाक मारते. एकाच झाडावर एवढं सगळं. फक्त रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, डोळ्याला खरोखर इजा होते, आणि चिकट हात लेन्सला लावू नका.

बाकीची झाडं पाठ करून ठेवा

लिंबू आणि कढीपत्ता: लाइम फुलपाखराची अळी. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी, मोठी झाली की हिरवीगार. ब्लू मॉर्मन म्हणजे राणी पाकोळी, जी २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, तीसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते.

खुळखुळा: बांधावर, माळावर पिवळ्या फुलांचा, वाळलेल्या शेंगा वाजतात तो. त्याच्यावर निळे वाघ आणि पट्टेरी वाघ फुलपाखरांचे नर जमतात. या झाडातली रसायनं चोखून नर मादीला आकर्षून घेणारा गंध बनवतात, त्यामुळं ते तिथं इतके गुंगलेले असतात की नीट गेलात तर वीतभर अंतरावर जाता येतं. फुलपाखराचे पंख फ्रेमभर हवे असतील तर खुळखुळ्यासारखी जागा नाही.

बेशरम आणि रताळ्याचा वेल: इथं कासवभुंगा शोधा. नखाएवढा, पारदर्शक कडा असलेला, आणि काही जातींत पाठ अस्सल सोन्यासारखी. ही सोनेरी झाक जिवंत किड्यातच असते, मेला की जाते, म्हणून संग्रहातल्या नमुन्यात ती दिसत नाही, फोटोतच राहते. पानाला गोल भोकं पडलेली दिसली की पान अलगद खालून बघा.

मोगली एरंड: हिरवा-निळा धातूसारखा चमकणारा ढेकण्या, इंग्रजीत ज्वेल बग म्हणतात तो. फळांच्या घोसावर थव्यानं बसतात, पिल्लं आणि मोठे एकत्र.

भेंडी, कापूस, काटेसावर: लाल ढेकण्या, पोटाखाली पांढरे पट्टे. जोड्या शेपटीला शेपूट लावून चालत असतात.

घाणेरी हे बाहेरून आलेलं तण आहे, मला ते आवडत नाही, पण तिच्या फुलांवर फुलपाखरं येतात हे खरंय, त्यामुळं रस्त्याकडेची घाणेरी बघत जा.

आणि एक सांगतो, ज्या बांधावर तणनाशक मारलंय तिथं वेळ घालवू नका. उसाच्या पट्ट्यात मैलोन् मैल हिरवं दिसतं पण किडा सापडत नाही. ज्या शेतकऱ्यानं बांधावरची झुडपं राखलीत त्याच्याकडं जा, परवानगी मागा, काय करताय ते सांगा. बहुतेक जण आनंदानं सोबत येतात आणि कुठला किडा कुठं असतो ते आपल्यापेक्षा जास्त त्यांना माहीत असतं.

कधी, कुठं

वळीव पडून गेला की मिरगाचे किडे येतात, मखमली लाल. (आठ पायांचा म्हणून तो शास्त्रानं कीटक नाही, कोळ्यांच्या गोतावळ्यातला, पण फोटोसाठी फार सुंदर.) दोन-तीन दिवसांचाच खेळ असतो, पहिल्या चांगल्या पावसानंतर सकाळी ओल्या मातीवर बघायचं.

जुलै-ऑगस्टला कोयना, महाबळेश्वर, कासकडं पाऊस एवढा की कॅमेरा बाहेर काढणं मुश्कील. त्या दिवसांत पूर्वेला जा. मिरजेजवळचा दंडोबाचा डोंगर, देवराष्ट्रेजवळचं सागरेश्वर अभयारण्य. सागरेश्वर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या खटपटीतून उभं राहिलेलं, माणसानं वाढवलेलं जंगल आहे, क्षेत्र पावणेअकरा चौरस किलोमीटरच्या आसपास. हरणं बघायला सगळे जातात, पाऊलवाटेच्या कडेची झुडपं बघत जाणारे कमी.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा खरा हंगाम. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर कास, उंची १२०० मीटरच्या आसपास, सोनकी फुललेली असते आणि तिच्यावर माश्या, भुंगेरे, लहान फुलपाखरं. पण कासबद्दल स्पष्ट बोलतो. फुलांत पाय टाकायचा नाही. एका फोटोसाठी झोपलात तर तुमच्या अंगाखाली शेकडो रोपं जातात आणि त्या जांभ्यावर माती बोटभरच असते, ती रोपं सहज परत उभी राहत नाहीत. ऑनलाइन बुकिंग करून, शक्यतो आठवड्यातल्या मधल्या वारी जा आणि ठरवलेल्या वाटेवरूनच काम करा. खरं तर किड्यांसाठी पठारावर जायची गरजच नाही, यवतेश्वरकडून वर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, ठोसेघरच्या बाजूला झाडीत त्याहून जास्त मिळतं.

त्यात वाऱ्याचा विषय आहे. चाळकेवाडीला पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या उगीच नाही. पठारावर फूल एक सेकंद स्थिर राहत नाही. म्हणून कड्याच्या आडोशाला, खोलगट जागेत, ओढ्याच्या पात्रात उतरायचं, तिथं वारा पडलेला असतो आणि किडेसुद्धा त्याच कारणानं तिथंच आलेले असतात.

चांदोली आणि कोयना सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात (२०१० पासून). पावसाळ्यात आत प्रवेश बंद असतो, त्यामुळं वनखात्याकडं विचारूनच बेत आखा. बाहेरच्या गावांच्या शिवारात, ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर फुलपाखरं क्षार चोखायला बसतात, तेवढं पुष्कळ आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरला कृष्णाकाठ. सकाळी थंडीनं चतुर आणि टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद) गवतावर गारठून बसलेले असतात, अंगावर दव. सांगलीत हरिपूरच्या संगमाकडं ऊन चढायच्या आत पोचा. ऊन लागलं की अंग गरम होतं आणि मग ते तुमचे राहत नाहीत.

सामान

मोबाईल असेल तर क्लिपवाली मॅक्रो लेन्स घ्या आणि ती मुख्य कॅमेऱ्यावर लावा. फोनमध्ये जो वेगळा दोन मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' कॅमेरा देतात तो सोडून द्या, त्यात रंग धुऊन जातो. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) लॉक करा, एक्स्पोजर जरा खाली ओढा, आणि मग फोन मागंपुढं करून फोकस मिळवा.

कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची वन इज टू वन (किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटवणारी) मॅक्रो लेन्स सगळ्यात सोयीची. बजेट नसेल तर किट किंवा टेलिफोटो लेन्सच्या पुढं लावायची रेनॉक्स कंपनीची क्लोजअप लेन्स, नाहीतर एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायची पोकळ नळी). ५० मिलिमीटरची लेन्स उलटी लावायची रिंगसुद्धा मिळते, स्वस्त आहे, पण अंतर इतकं कमी उरतं की नाकतोड्यासाठी चालेल, फुलपाखरासाठी नाही. ट्रायपॉड मी नेत नाही. झुडपात तो फांद्यांना लागतो आणि किडा उडतो. त्याऐवजी गुडघ्याला पॅड, बसायला एखादं पोतं.

फ्लॅश मात्र घ्याच, साधा मॅन्युअल चालतो.

उजेड, म्हणजे रंग

मोगली एरंडावरचा तो हिरवा ढेकण्या घ्या. त्याची पाठ गुळगुळीत, आरशासारखी. उघड्या फ्लॅशनं फोटो काढलात तर पाठीवर एक पांढराफेक ठिपका येतो आणि बाकी अंग काळं. असं का होतं? चकचकीत पृष्ठभाग समोर जे असेल ते दाखवतो. समोर छोटासा फ्लॅश असेल तर छोटासा ठिपका, समोर मोठा पांढरा पडदा असेल तर अख्खी पाठ उजळते आणि आतला हिरवा, निळा, तांबूस रंग वर येतो. म्हणजे तुम्हाला जास्त प्रकाश नकोय, मोठा आणि जवळचा प्रकाश हवाय.

त्यासाठी डिफ्युझर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा, घरीच करा. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमध्ये जो पांढरा पातळ फोम येतो तो उत्तम, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंग पेपर दोन पदरी. लेन्सच्या वरून पुढं झुकलेला, वहीच्या पानाएवढा, किंचित वाकवलेला पडदा, आणि फ्लॅश त्याच्या मागं. पडद्याची पुढची कड किड्याच्या जवळजवळ डोक्यावर यायला हवी. फ्लॅश आणि पडदा यांच्यात थोडं अंतर ठेवा म्हणजे उजेड पूर्ण पडद्यावर पसरतो, मध्येच गरम डाग पडत नाही. आधी घरात स्टीलच्या चमच्यावर फोटो काढून बघा. चमच्यात पडद्याचं प्रतिबिंब मऊ, सलग दिसलं पाहिजे. कडा कडक दिसत असतील तर आणखी एक पदर लावा.

फ्लॅश नसेल तर ढगाळ दिवस शोधा. आपला सप्टेंबरचा ढग म्हणजे आभाळभर डिफ्युझर. कडक उन्हात काम करायचंच असेल तर सोबत्याला पांढरी छत्री धरायला सांगा. ओल्या पानांची आणि भुंगेऱ्यांच्या पाठीची पांढरी चमक कमी करायला पोलरायझर फिल्टर कामाला येतो, पण तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवायची तयारी ठेवा.

सेटिंग

मॅन्युअल मोड. फ्लॅश असेल तर शटर १/२०० सेकंद, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं लहान) एफ ११, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅशची ताकद १/८ पासून सुरू करून कमीजास्त. वन इज टू वनला एफ ११ वरसुद्धा फोकसमध्ये येणारी जाडी दीड मिलिमीटरच्या आतच असते, आणि एफ १६ च्या पुढं गेलात तर सगळंच जरा मऊ पडायला लागतं, म्हणून अॅपर्चरच्या मागं धावून उपयोग नाही. त्यापेक्षा कॅमेऱ्याचा कोन बदला. सेन्सर किड्याच्या अंगाला समांतर धरा. फुलपाखराचे पंख मिटलेले असतील तर बरोबर बाजूनं, नाकतोडाही बाजूनं, कासवभुंगा वरून. समोरून चेहरा घेताय तर डोळे शार्प, बाकी जाऊ द्या.

मागं अंधार येतो अशी तक्रार सगळे करतात. फ्लॅशचा उजेड पुढच्या किड्यापर्यंत पोचतो, मागच्या झाडीपर्यंत नाही. दोन उपाय: एक, किडा अशा कोनातून घ्या की मागं लगेच एखादं पान असेल. दोन, शटर १/६० पर्यंत खाली आणा, आयएसओ ८०० करा, म्हणजे मागचा नैसर्गिक हिरवा रंग येतो. वारा असेल तर दुसरा उपाय सोडा.

लाल रंगाकडं विशेष लक्ष द्या. मिरगाचा किडा, लाल ढेकण्या, ओढ्यावरचा गुलाबी-लाल क्रिमझन मार्श ग्लायडर चतुर, यांच्यात हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) एकूण बरोबर दिसतो पण लाल चॅनल फाटलेला, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि मखमलीचे केस जाऊन नुसता सपाट लाल गोळा उरतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा, दोन-तृतीयांश स्टॉप कमी एक्स्पोज करा, आणि रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मध्येच काढा.

जवळ जायची पद्धत

पहिला फोटो लांबूनच काढून ठेवा. मग खाली बसा. उभ्यानं वाकत गेलात तर तुमची आकृती आभाळावर उमटते, ती किड्याला लगेच दिसते. बसून, कॅमेरा आधीच डोळ्याला लावून, सरळ रेषेत हळूहळू पुढं सरका. शेवटच्या फुटात हात वर करायचा नाही. सूर्य कुठं आहे बघून ठेवा, सावली किड्यावर पडली की संपलं. फुलपाखरू सोंड आत घालून रस पीत असेल तेव्हा सरकायचं, सोंड गुंडाळली की थांबायचं. चतुराच्या मागं फिरू नका, तो उडाला तरी बहुतेक वेळा त्याच काडीवर परत येतो, तुम्ही काडीजवळ फोकस लावून बसा.

डाव्या हातानं फुलाचा देठ धरायचा आणि लेन्स त्याच मनगटावर टेकवायची, म्हणजे वाऱ्यात किडा आणि कॅमेरा एकत्र हलतात, ही युक्ती फार कामाची आहे (रुईवर नको, चिकामुळं). ऑटोफोकस बंद. श्वास सोडताना अंग अगदी थोडं पुढं न्यायचं आणि त्या हालचालीत चार-पाच फोटो घ्यायचे, त्यातला एक डोळ्यावर बसतो. राणी पाकोळी मात्र रस पितानासुद्धा पंख हलवत राहते, तिला १/१००० च्या वर शटर लागतं, किंवा ओल्या वाळूवर बसलेला नर गाठायचा.

किडा फ्रिजमध्ये गार करून, स्प्रे मारून, डिंकानं चिकटवून काढलेले फोटो मला बघवत नाहीत. लाइमच्या अळीला टोचून तिचं केशरी शिंग बाहेर काढायला लावणं हा त्याचाच प्रकार. तसलं करू नका. पान तोडून उजेडात आणायचं नाही, कोष हलवायचा नाही. काही फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पकडणं गुन्हा ठरू शकतो.

आपलीही काळजी घ्या. तूर-बाजरीच्या फुलांवर लाल-काळे किंवा केशरी-काळे पट्टेवाले हिंगे दिसतात, फोटोला देखणे, पण अंगावर चिरडले तर फोड येतात. केसाळ घुल्यांना (अळ्यांना) हात लावू नका. जांभ्याच्या दगडांत फुरसं असतं, गुडघा टेकायच्या आधी काठीनं जागा बघा. आग्या मोहोळ दिसलं तर तिथं फ्लॅश मारू नका, अत्तर लावून जाऊ नका. कोयना-चांदोलीकडं पावसात जळवा लागतात, लांब मोजे आणि मीठ-तंबाखूची पुरचुंडी सोबत ठेवा. गाडीत एसी लावून गेलात तर बॅग उघडायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं. पावसाळाभर लेन्स सिलिका जेलच्या हवाबंद डब्यातच, आपल्याकडं बुरशी फार लवकर धरते.

घरी आल्यावर

कॉम्प्युटरवर रंग भडक करायची पट्टी ओढू नका. व्हाइट बॅलन्स नीट करा, झाडीखाली काढलेल्या फोटोवर हिरवट छटा असते ती काढा, सावल्या जरा उचला, बस. उजेड बरोबर असेल तर किड्याचा रंग आधीच फोटोत आलेला असतो.

मग ओळख. आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी टाकून ओळख करून घ्यायची वेबसाइट) टाका, आणि टाकताना एक फोटो पाठीचा, एक बाजूचा, एक तोंडाचा आणि एक झाडाचा द्या. झाडाच्या फोटोमुळं निम्मं काम होतं, विशेषतः ढेकण्या, भुंगेरे आणि अळ्यांमध्ये. फुलपाखरांच्या नोंदी लोक भरपूर टाकतात, या बाकीच्यांच्या कमी असतात, म्हणून आधी त्या टाका. झाडाचं नाव माहीत नसेल तर गावातल्या जाणत्या माणसाला पान दाखवून विचारा आणि त्यांनी सांगितलेलं नाव नोंदीत जसंच्या तसं लिहा.